कानामागचा कुरकुऱ्या

गोजरबाईला शहाणी म्हणायला गाव तयार नव्हतं आणि वेडी म्हणायची कुणाची छाती नव्हती. तोंडानं फटकळ, कामाला वाघीण, आणि एकदा तिनं मान उडवून "न्हाई" म्हटलं की विषय संपला. औंढ्याकडच्या जवळा बाजार गावापासून कोसभर आत तिचं गाव. नवरा सोनाजी, मेंढरांचं एक खांड, थोड्या शेळ्या आणि नाल्याकाठी जेमतेम पोटापुरतं रान. सुगी संपली की शेतकरी आपापल्या वावरात मेंढरं बसवून घ्यायचे. लेंड्यांचं खत त्यांच्या जमिनीला आणि त्या बदल्यात जवारी सोनाजीच्या घराला, असा व्यवहार. सोनाजी घोंगडी खांद्यावर टाकून वावरा-वावरानं फिरायचा आणि गोजरबाई घर, रान नि शेळ्या बघायची. तो घरी आला की दोघांचं भांडण ठरलेलं. ते ऐकायला शेजारणी भाकरी थापायच्या थांबायच्या, कारण त्यात करमणूक फार होती.

बरीच वर्षं पाळणा हलला नव्हता. लोकांनी बोलायचं तेवढं बोलून घेतलं, मग कंटाळून सोडून दिलं. आणि मग किल्लारीला भूकंप झाला त्या साली, उन्हाळ्यात, पुनम झाली. गोरी, नाकेली, बापाच्या कपाळाची. भूकंपाच्या पहाटे इकडंही उतरंडीची मडकी हलली आणि तान्ही पुनम दचकून रडायला लागली. "बगा, कान किती तिखट हाय लेकराचा," गोजरबाई कौतुकानं म्हणाली. घर हललं होतं, बाज हलली होती आणि लेकरू त्या हलण्यानं उठलं होतं. पण इतक्या वर्षांनी कूस उजवलेल्या बाईला हे कोण सांगणार?

पुनम रांगली वेळेवर, चालली वेळेच्या आधी. बोलत मात्र नव्हती. बरोबरीची पोरं "माय, माय" करून आयांचं डोकं खायची, त्या आया वैतागायच्या, आणि गोजरबाई त्यांच्याकडं अशी बघायची की त्यांना आपल्या वैतागाची लाज वाटावी. तिला दुसरं काही नको होतं. पोरीनं एकदा आपल्याला हाक मारावी, एवढंच तिला हवं होतं. जात्यावर बसली की ती पोरीला मांडीवर घेऊन "म्हण माय, म्हण माय" असं शिकवायची, आणि पुनम तिच्या हलणाऱ्या ओठांकडं मोठ्या आवडीनं बघत बसायची.

गावात अंगणवाडी होती आणि तिथं सत्यशीला नावाची बाई होती. वयानं लहान, नव्यानंच कामाला लागलेली, मनानं चांगली. तिनं पुनमच्या मागं उभं राहून टाळ्या वाजवून पाहिल्या, डबा वाजवून पाहिला, आणि एक दिवस घाबरत घाबरत गोजरबाईच्या ओट्यावर आली.

"गोजरबाई, राग मानू नका. पुनमला ऐकू येत नसावं असं मला वाटून राहिलं. औंढ्याला शिबिर हाय, मोठे डॉक्टर येऊन लेकरांचे कान तपासणार हायेत. मी येते तुमच्यासंगं."

"बाई, तुमचं लगीन झालं न्हाई आजून," गोजरबाई म्हणाली. "लेकराचं तुमाला काय कळतं? उशिरा बोलत्यात काही लेकरं. तिचा बाप बोलला का लवकर?"

सत्यशीला तोंड एवढंसं करून गेली.  पण त्या दिवसापासून गोजरबाई चोरून पोरीमागं थाळी वाजवायला लागली. कधी पुनम वळायची, कधी नाही. वळली की गोजरबाईचा जीव भांड्यात पडायचा. नाही वळली की ती स्वतःलाच सांगायची, खेळात गुंग हाय लेकरू.

बाप उशिरा बोलला हे मात्र खोटं नव्हतं. सोनाजी चांगला मोठा होईतो मुकाच होता. मग त्याच्या आईनं, म्हणजे गोजरबाईच्या वारलेल्या सासूनं, त्यांच्या घरातला जुना उपाय केला. पावसाळ्यात बाभळीवर कुरकुऱ्या येतो, तो पकडायचा आणि लेकराच्या कानामागच्या हाडाला टेकवून धरायचा. तो वाजला की कान उघडतो आणि कान उघडला की जीभ सुटते. सोनाजीची जीभ त्यानंतर अशी सुटली की तो उपाय अर्धाच करायला हवा होता, असं गोजरबाई चारचौघांत म्हणायची.

कुरकुऱ्या म्हणजे एक भुंगेरा. मातकट पिवळा, बोटाच्या दोन पेरांएवढा, लांबच लांब मिशांचा. मिरग झाला की बाभळीच्या कोवळ्या फांद्यांची साल कुरतडत बसतो. आपल्या नादात असला की एकदम मुका. पण दोन बोटांत धरा, की त्याची मान खालीवर व्हायला लागते. त्या मानेचा मागचा काठ पाठीवरच्या बारीक रेघांवर घासतो आणि कुर्र कुर्र असा आवाज निघतो, फणीच्या दातांवरून नख ओढावं तसा. सैल धरला तर थांबून थांबून वाजतो, आवळला तर एकसारखा. सोनाजीनं मेंढरांमागं बसून हे सगळं पाहिलं होतं. एकदा एका साळुंकीनं कुरकुऱ्या उचलला, तो चोचीतच वाजायला लागला आणि तिनं दचकून तो टाकून दिला, ही गोष्ट तो हातवारे करून सांगायचा. "गाणं न्हाई म्हणत तो," सोनाजी सांगायचा, "सोड मला म्हणून बोंबलून राहिला."

त्या पावसाळ्यात सोनाजीनं असाच एक कुरकुऱ्या टोपीत धरून आणला. पुनम अंगणात बसून शेळीच्या दाव्याशी खेळत होती. तो मागून आला, कुरकुऱ्या तिच्या उजव्या कानामागं टेकवला आणि बोटं हलकेच आवळली. कुर्र. पुनम थबकली. दावं हातातून सुटलं. तिनं मान वळवून बापाच्या हाताकडं पाहिलं आणि खळखळून हसली. सोनाजीनं बोटं सैल केली, आवाज थांबला, तसं पोरीनं त्याचा हात ओढून पुन्हा आपल्या कानामागं नेला. परत कुर्र, परत हसू.

"ऐकू येतंय!" गोजरबाई ओरडली. "अवं, ऐकू येतंय तिला! माय माझी, ऐकू येतंय!" आणि ती मटकन खाली बसून रडायला लागली. सोनाजीही डोळे पुसत होता, पण तोंड फिरवून. आवाज होत होता तेव्हा पोर हसत होती, आवाज थांबला की हसू थांबत होतं. इतकं ढळढळीत दिसत असताना आणखी खोलात शिरायला त्या अंगणात कुणाला सवड नव्हती.

गोजरबाईनं सत्यशीलेला बोलावणं धाडलं आणि तिच्यासमोर सोनाजीला तोच प्रयोग करायला लावला. एकदा नाही, दोन्ही कानांना. कुरकुऱ्याचा आवाज तो केवढा, आणि त्याला पोरगी हसते! सत्यशीलेनं पोरीला उचलून घेतलं, तिचे मुके घेतले आणि म्हणाली, "माझंच चुकलं, गोजरबाई. बरं झालं." तिलाही तेच हवं होतं. शिबिराच्या दिवशी औंढ्याची गाडी गावच्या फाट्यावर थांबली आणि गेली. गोजरबाई त्या वेळी रानात निंदत होती आणि शेजारच्या वावरातल्या बाईला सांगत होती, की आता बोलायलाच काय तो उशीर.

त्यानंतर दर पावसाळ्यात घरात कुरकुऱ्याचा सण असायचा. सोनाजी पकडून आणायचा, कानामागं धरायचा, पुनम हसायची, आणि सगळे तिच्या तोंडाकडं बघत बसायचे. पुढं ती स्वतःच पकडायला शिकली. बाभळीच्या काट्यांतून हात असा घालायची की ओरखडासुद्धा उठत नसे. सैल धरायचं, आवळायचं, पुन्हा सैल, असं करत तासन् तास बसायची. घशातून तिचे आवाज यायचे, रागाचे वेगळे, आनंदाचे वेगळे, पण त्यांचा शब्द होत नव्हता. गोजरबाई तिच्याशी अखंड बोलायची. पोर तोंडाकडं बघून पुष्कळ ओळखायची: पाणी आण म्हटलं की आणायची, कारण आई तांब्याकडं बघायची. हिंगोली नवा जिल्हा झाला तेव्हा शाळेतल्या पोरांना पेढे वाटले. पुनमलाही पेढा मिळाला. शाळेत ती शेवटच्या ओळीत बसायची, नंतर नंतर तिथंही बसेना. शेळ्या राखायला लागली.

आता खरं काय ते कळलं कसं, तर तेही बाभळीखालीच. पुनम आठेक वर्षांची असेल. आषाढातली उघडीप होती आणि गोजरबाई बांधावर शेळ्यांसाठी पाला तोडत होती. पुनम पुढं पाठमोरी बसली होती. तिच्या हातात कुरकुऱ्या होता. गोजरबाई सहज बघत होती. पोरीनं तो हनुवटीला लावला. मग गालाला. मग दातांवर टेकवला आणि डोळे मिटून हसली. मग गळ्याखालच्या हाडाला. कानाकडं तिनं तो एकदाही नेला नाही.

गोजरबाईच्या हातातला पाला खाली पडला. तिनं फांदीवरचा दुसरा कुरकुऱ्या धरला, हळूहळू पोरीच्या मागं गेली आणि उजव्या कानाजवळ, अगदी जवळ, पण अंगाला न लावता, तो आवळला. तो जिवाच्या आकांतानं वाजत होता. पुनम समोरच्या शेळीकडं बघत होती. डावा कान. तो वाजतच होता. पुनमनं मान खाजवली, झालं.  शेवटी गोजरबाईनं कुरकुऱ्या पोरीच्या खांद्याला टेकवला आणि पुनम चटकन वळली नि खळखळून हसली, अंगणात हसली होती तशीच.

गोजरबाई बांधावर बसली. पोरगी कानानं ऐकत नव्हती. त्या भुंगेऱ्याची थरथर तिला हाडाला कळत होती, कातडीला कळत होती, गुदगुल्या झाल्यासारखी, आणि त्या गुदगुल्यांना आपण ऐकणं म्हणत आलो. जात्यावरचं "म्हण माय, म्हण माय", अंगाई, शिव्या, लाडाची नावं, सगळं वाऱ्यावर गेलं. एक अक्षर पोरीपर्यंत पोचलं नव्हतं. गोजरबाईला मोठ्यानं रडायचं होतं आणि ती रडली, कारण पाठमोऱ्या पोरीला ते ऐकू जाणार नव्हतं. हे लक्षात आलं तेव्हा तिला आणखी रडू आलं.

सोनाजीला सांगितलं तर तो चिडला. "काहून येड्यावानी करून राहिली? माझ्या मायनं माझा कान उघडला तसाच." मग त्यानं स्वतः करून पाहिलं, अंगाला न लावता. एकदा, दोनदा. मग कुरकुऱ्या फांदीवर ठेवला आणि मेंढरांकडं निघून गेला.  त्यानंतर त्यानं कुरकुऱ्या कधी पकडला नाही.

सत्यशीला सोबत आली. हिंगोलीच्या दवाखान्यात डॉक्टरांनी पोरीचे कान तपासले, यंत्रं लावली, आणि मग नीट समजावून सांगितलं. पोरगी जन्मापासून बहिरी आहे. मुकी नाही, कधी शब्द ऐकलाच नाही तर बोलणार काय? आता तिला बहिऱ्या मुलांच्या शाळेत घाला, तिथं हाताच्या खुणांची भाषा शिकेल, लिहायला-वाचायला शिकेल.

"सायेब," गोजरबाईनं विचारलं, "ती रांगत व्हती, नुकतीच चालत व्हती, तवा आणलं असतं तर?"

डॉक्टर म्हणाले, "तेव्हा यंत्र लावून शिकवलं असतं तर थोडंफार बोलली असती कदाचित. आता ते मनात आणू नका."

सत्यशीला भिंतीकडं तोंड करून उभी राहिली. गोजरबाईनं तिच्या पाठीवर हात ठेवला. "तुमी तर आल्ता बाई माझ्या दारात," ती म्हणाली. "मीच धाडलं तुमाला माघारी." सोनाजीला तिनं डॉक्टरांचं ते वाक्य कधीच सांगितलं नाही. किडा त्यानं आणला होता, आणि तो तसाच जन्मभर त्याच्या डोक्यात वाजत राहील, हे ती जाणून होती. ते ओझं तिनं एकटीनं वाहिलं. दुपारच्या वेळी एकटीच निंदत असली की तिच्या तोंडून "थोडंफार बोलली असती" असं आपोआप यायचं.

हिंगोलीतच मुक्या-बहिऱ्या लेकरांची राहायची सोय असलेली शाळा होती. पोरीला तिथं सोडायला दोघं गेले. आम्ही परत येणार आहोत, दिवाळीला न्यायला येणार आहोत, ही एवढीशी गोष्ट पोरीला सांगायची होती आणि ती सांगता येत नव्हती. गोजरबाईनं बोटं दाखवली, रस्ता दाखवला, छातीवर हात मारला. पुनमला एवढंच कळलं की आपल्याला इथं टाकून चालले. तिनं आईचा पदर धरला तो शिक्षिका अंजलीबाईंना एक एक बोट उलगडून सोडवावा लागला. एसटीत सोनाजी सगळी वाट खिडकीबाहेर बघत होता आणि गोजरबाई त्या चुरगळलेल्या पदराकडं.

पण पोरगी तिथं रमली. दिवाळीला आणायला गेले तर फाटकापाशी ती एका मैत्रिणीशी बोलत होती. बोलत होती, हाच शब्द बरोबर. हात असे चालत होते, भुवया उडत होत्या, दोघी हसून लोटपोट होत होत्या. गोजरबाई बघत राहिली. आठ वर्षं जी पोर घशातून नुसती गुरगुरायची तिला इतकं बोलायचं होतं! अभिमानानं तिची छाती भरून आली आणि त्याच वेळी तिला कळलं की पोरीचं हे बोलणं आपल्याला ठार ऐकू येत नाही.

"तुम्हीही शिका ना," अंजलीबाई म्हणाल्या. "इथं येऊन राहा थोडे दिवस. आई-वडिलांना शिकवतो आम्ही."

"आमी येऊन राहिलो तर मेंढरं काय तुमी हाकणार, बाई?" गोजरबाई हसून म्हणाली. पुढच्या सुट्टीत बघू म्हणाली. पुढच्या सुट्टीतही तेच म्हणाली. घरी चार खुणांवर भागत होतं: भाकर, पाणी, ये, झोप. मिशीला पीळ दिल्यासारखं केलं की बाप. एवढ्यावर त्यांची सुट्टी जायची, आणि गोड जायची.

आणि मग एका साली नवरात्राच्या आधी परतीच्या पावसात वीज पडली. सोनाजी एका वावरात मेंढरं बसवून लिंबाखाली उभा होता. तो गेला आणि त्याच्याभोवतीची मेंढरंही गेली. दीर दगडोबानं त्याला बैलगाडीत घालून आणलं. बायकांनी गोजरबाईचं कपाळ पुसलं, बांगड्या फोडल्या.

"वैनी, मी पुनीला घेऊन येतो," दगडोबा म्हणाला.

"न्हाई," गोजरबाई म्हणाली. "बापाला असं जळालेलं दावू नका तिला. दिवाळीला यील तवा मीच सांगन. तिच्या बापाचं तिला मी सांगन, दुसऱ्या कुणी न्हाई."

दिवाळीच्या सुट्टीला दगडोबा पुनमला आणायला गेला तेव्हा अंजलीबाईंनी त्याला विचारलं, "निघायच्या आधी मी सांगू का तिला? घरी तुम्हाला जमेल का?" त्यानं वहिनीचा निरोप सांगितला. अंजलीबाईंना ते पटलं नाही, पण आईचा शब्द म्हणून त्या गप्प बसल्या.

पुनम धावतच घरात आली. आता ती आईच्या खांद्याला लागली होती. दारातच तिनं आईकडं बघून आपल्या कपाळाच्या मधोमध बोट टेकवलं. हे तिनं आईला ठेवलेलं नाव होतं. गोजरबाईचं कुंकू रुपयाएवढं मोठं असायचं, म्हणून कपाळावर बोट म्हणजे आई. बोट टेकवलं आणि ती थांबली. आईचं कपाळ कोरं होतं. तिनं नवलानं पाहिलं, मग मिशीला पीळ दिला आणि तळवे उघडून विचारलं: बाप कुठं?

गोजरबाईनं महिनाभर मनात तयारी केली होती. तिनं पोरीला हाताला धरून खुंटीपाशी नेलं आणि सोनाजीची घोंगडी नि काठी दाखवली. पुनमनं घोंगडी खांद्यावर टाकली, काठी घेतली आणि बापासारखी फेंगडी चालून दाखवली. स्वतःच हसली. गोजरबाईनं आभाळाकडं बोट केलं, दोन्ही हात वरून खाली थरथरवत आणले, वीज पडल्यासारखे. पुनमनं आभाळाकडं पाहिलं आणि पाऊस येतोय असं समजून पळत जाऊन दोरीवरचं धुणं काढून आणलं. गोजरबाईनं तिला नाल्याकाठी नेलं, जिथं माती दिली होती तिथं. पुनमनं दगडांकडं पाहिलं, आईकडं पाहिलं, आणि नाल्यात तोंड धुवून आली. शेवटी घरी येऊन गोजरबाई भुईवर आडवी झाली, हातपाय ताणले, डोळे मिटले, श्वास रोखून धरला आणि मेल्याचं सोंग घेतलं. पुनम तिच्या शेजारी येऊन झोपली आणि आईच्या पोटावर तिनं हात टाकला.

गोजरबाईनं डोळे उघडले नाहीत. उघडले असते तर पोरीला तिचं तोंड दिसलं असतं.

जरा वेळानं पुनम उठली. कोनाड्यात कुंकवाचा करंडा होता, तो कुणी हलवला नव्हता. तिनं तो आणला, मेणाचं बोट आईच्या कपाळावर फिरवलं आणि त्यावर अंगठ्यानं कुंकू टेकवलं, नेहमीएवढं मोठं. मागं सरून नीट बसलंय का पाहिलं. खूश झाली. पुन्हा आपल्या कपाळावर बोट टेकवून तिनं आईला हाक मारली आणि बाप येईल त्या वाटेकडं तोंड करून ओट्यावर जाऊन बसली. दिवेलागणीला दगडोबा उरलेली मेंढरं घेऊन आला तेव्हा ती उठून त्याच्या मागं, पार वळणापर्यंत, बघून आली.

गोजरबाईनं कुंकू पुसलं नाही. एकदा पुसायला गेली, तर पुनमनं हात धरला आणि पुन्हा लावलं. सकाळी शेजारीण पाण्याला आली आणि बघून पांढरीफटक पडली. "अगं गोजर, हे काय?"

"पोरीनं लावलं हाय," गोजरबाई म्हणाली. "ज्याला पुसायचं त्यानं आदी तिला समजावून सांगावं." शेजारीण हंडा तसाच घेऊन गेली.

त्याच दिवशी ती पोरीला घेऊन हिंगोलीला निघाली. एसटीत पदर नाकापर्यंत ओढून बसली. शाळेला कुलूप होतं, पण अंजलीबाई आवारातल्या खोलीत राहायच्या. त्यांनी दार उघडलं, गोजरबाईचं कपाळ पाहिलं आणि तिला आत घेतलं.

"मला न्हाई जमलं, बाई," गोजरबाई म्हणाली. "तुमचं ऐकायला पायजे व्हतं. आदीबी ऐकायला पायजे व्हतं, सगळ्यांचंच."

"मी सांगते तिला," अंजलीबाई म्हणाल्या.

"तुमी नगा सांगू. मला दावा कसं सांगायचं. मीच सांगते."

पुनम अंगणातल्या मांजराशी खेळत होती. आत अंजलीबाईंनी एक खूण करून दाखवली. दोन्ही तळवे आडवे, एक आभाळाकडं, एक जमिनीकडं; मग दोन्ही सावकाश एकदम उलटे करायचे. मेला. गोजरबाईच्या हातांना विळा धरायची, दोहायची, लोकर कातायची सवय. ती बोटं वाकडीच वळत होती. तिनं पुन्हा केलं. पुन्हा केलं. लेकीच्या भाषेतला हा एकच शब्द तिला आता नीट यायला हवा होता. मग तिनं पुनमला आत बोलावलं आणि समोर बसवलं.

तिनं मिशीला पीळ दिला. बाप. मग तळवे आडवे धरले आणि उलटे केले.

पुनम हसत होती, ती हसायची थांबली. तिनं अंजलीबाईंकडं पाहिलं, आईला खूण चुकलीय का, असं. अंजलीबाईंनी मान हलवली नाही. पुनमनं परत आईकडं पाहिलं. गोजरबाईनं पुन्हा मिशी केली, पुन्हा हात उलटे केले. या वेळी ते एकदम बरोबर झालं.

 पुनमच्या घशातून एक आवाज आला, कुणी कधी ऐकला नव्हता असा. मग ती गुडघ्यावर उठली, आईचा पदर मागं सारला आणि ज्या अंगठ्यानं लावलं होतं त्याच अंगठ्यानं आईचं कुंकू पुसायला लागली. मेण लावून बसवलेलं ते, लवकर निघेना. ती पुसत राहिली, गोजरबाई कपाळ पुढं करून बसून राहिली, आणि अंजलीबाईंनी उठून खोलीचं दार लोटून घेतलं.